वाचनमात्र

माझी बायको म्हणते, देवानं मला तोंड दिलं तेव्हा झाकण द्यायला तो विसरला. हे खोटं आहे. झाकण दिलं होतं, लहानपणी पोहताना गोदावरीत पडलं असणार.

परिणाम एवढाच की नाशकात आमच्या कॉलनीत माझ्याशी बोलायला आता कोणी उरलेलं नाही. म्हणजे माणसं भरपूर आहेत, पण मी कोपऱ्यावर दिसलो की त्यांना एकदम दळण आणायचं आठवतं. एक शेजारी सकाळी दूध आणायला निघाले होते. समोरून मी येतोय हे बघून त्यांनी धावती रिक्षा पकडली आणि ते थेट सातपूरला पोचले. दूध त्यांनी तिकडूनच आणलं, म्हणतात.

अशा माणसानं करायचं काय? मी इंटरनेटवरच्या एका मराठी चर्चामंचावर खातं उघडलं. तिथे कोणाला रिक्षा मिळत नाही.

या मंचाची भाषा आधी सांगतो. तिथे चर्चेला धागा म्हणतात. कोणीतरी धागा काढतो, बाकीचे त्यावर प्रतिसाद देतात. विषय सोडून बोलायचं असेल तर वर 'अवांतर' असा शब्द लिहायचा, म्हणजे पाप फिटतं. पहिल्या महिन्यात मी इतकं अवांतर लिहिलं की काही जणांना ते माझं आडनाव वाटलं. शेती, पाककृती, प्रवास, आरोग्य, एकही धागा मी कोरडा सोडला नाही. बाळंतिणीच्या आहारावरही मी मोलाची भर घातली. मंचाच्या प्रत्येक पानावर उजव्या कडेला 'सर्वाधिक लिहिणारे सदस्य' अशी एक चौकट असते. तिच्यात पहिलं नाव माझं होतं, आणि दुसरा माझ्यापासून इतका मागे होता की तो हरल्याचं त्याला कळतही नसावं.

आता एवढी माणसं एका जागी बोलायला लागली की नियम आलेच. आमच्या संपादकबाईंनी ते स्वतः लिहिले होते. या बाईंना कोणी पाहिलेलं नव्हतं. कोणी म्हणे त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, कोणी म्हणे त्या बाईच नाहीत. पण त्यांची भाषा इतकी सभ्य की वाचताना आपण आपोआप सरळ बसावं. प्रश्न विचारण्याआधी जुने धागे शोधा. सर्वांना अहो-जाहो करा. मतावर बोला, माणसावर नको. इथपर्यंत ठीक होतं. पण कुठल्याशा इंग्रजी नियमावलीतून बाईंनी एक नियम जसाच्या तसा उचलला होता, की कॅपिटल अक्षरांत लिहू नये, ते ओरडल्यासारखं वाटतं. देवनागरीत कॅपिटल अक्षर आणायचं कुठून? यावर जो धागा निघाला तो पावसाळाभर चालला. मराठी माणसानं मग ओरडायचं तरी कसं, असा मूलभूत प्रश्न मी मांडला. शेवटी निकाल लागला: एका वाक्याला एकच उद्गारचिन्ह. मी त्या दिवसापासून वाक्यं लहान केली.

आणि एक नियम होता, जो बाईंनी माझ्याकडे बघूनच केला असावा. ऐकीव गोष्ट स्वतःचा अनुभव म्हणून लिहू नये, आणि अनुभव लिहिताना तो फुगवू नये.

हा नियम मला कसा भोवला ते ऐका.

माझ्या मामांची वणीकडे द्राक्षबाग होती. एका वर्षी बागेवर भुरी आली. भुरी म्हणजे पानांवर, मण्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी बुरशी. तिला गंधकही चालतं आणि फवारणीचं तेलही चालतं, पण दोन्ही एकत्र नाही, आणि लागोपाठही नाही, मध्ये चांगले पंधरा दिवस जावे लागतात. मामांना घाई होती. त्यांनी दोन्ही एका टाकीत घातलं. पानं करपली, मण्यांवर डाग पडले, आणि मामा तो सबंध हंगाम कोणाशी धड बोलले नाहीत.

एवढीच गोष्ट. पण एवढीच गोष्ट सांगायला माणूस मंचावर कशाला जाईल? मी लिहिलं, की फवारा बसताच बागेतून असा धूर उठला, की वणीच्या बाजारपेठेत लोकांना डोंगराला वणवा लागल्यासारखं वाटलं. अग्निशमनाचा बंब आला. घडांचे झाडावरच मनुके झाले होते, ते बंबवाल्यांनी खिसे भरून नेले.

संपादकबाईंनी खाली लिहिलं, "कृपया पुरावा द्यावा."

मी मनुक्यांचा फोटो टाकला. मनुके उत्तम होते. फक्त बशीमागे पाकिटाचा कोपरा राहिला आणि त्यावर बारकोड दिसत होता.

मला आठवडाभरासाठी वाचनमात्र करण्यात आलं, आणि तशी सूचना त्याच धाग्याखाली सगळ्यांना दिसेल अशी लावण्यात आली.

वाचनमात्र म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. सगळं वाचता येतं, पण प्रतिसादाची चौकटच दिसत नाही. व्यक्तिगत निरोपही बंद. लग्नाच्या पंगतीत बसवायचं, समोर जिलब्यांचं ताट ठेवायचं आणि तोंडाला शिवण घालायची, असा हा प्रकार. लोक समोर धडधडीत चुकीचं लिहीत होते आणि मी मोबाइलला शिव्या घालत होतो.

"अहो, त्याला ऐकू जात नाही," बायको म्हणाली.

"तुला तर जातं ना!"

"मला कशाला बोलता? मी कुठे म्हटलं साबुदाणा धुवू नये म्हणून?"

असे तीन-चार दिवस गेले आणि रविवार उजाडला. सकाळी चहा घेत मी शेती विभाग उघडला, तर एक नवा धागा. लिहिणारी मंचावर जुनीच होती, पण नुसती वाचणारी. सदस्यनाव एका फुलाचं. तिनं लिहिलं होतं:

"मी पिंपळगाव बसवंतजवळ राहते. माहेर शहरातलं, त्यामुळे बागेतलं मला काही कळत नाही असं सासरी सगळे धरून चालतात. मी सासऱ्यांना म्हटलं, एकदा सोपवून तर बघा. त्यांनी हसत हसत कडेच्या दहा ओळी माझ्या नावावर केल्या. घरचे सगळे लग्नाला सटाण्याला गेलेत, उद्या येतील. आज बघते तर माझ्याच ओळींवर भुरी. घरात गंधक आहे आणि तेलही आहे. दोन्ही एकत्र मारलं तर लवकर जाईल का? ऊन उतरलं की चारच्या सुमारास फवारायचा विचार आहे. या दहा ओळी बिघडल्या तर मला पुन्हा बागेत कोणी पाऊल ठेवू देणार नाही. कृपया लवकर सांगा."

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतला मांडीवर.

पहिला प्रतिसाद आला, तो नियमाला धरून होता. "आधी जुने धागे शोधावेत." दुसऱ्यानं विचारलं, की शब्द भुरी की भुरकी, व्युत्पत्ती काय? त्यावर तिघं जण व्युत्पत्तीला लागले. मग पुण्याचे एक गृहस्थ आले. "माझ्या बाल्कनीतल्या गुलाबावर मी दोन्ही मारतो, काही होत नाही. बिनधास्त मारा." त्याला चौघांचं अनुमोदन. आणि मग परदेशात राहणारे एक शहाणे उगवले, त्यांनी माझ्या मामांच्या धाग्याचा दुवाच दिला. खाली लिहिलं, "गंधक-तेल एकत्र केल्यानं आग लागते, बंब येतो, ही अफवा इथून सुरू झाली. वाचा, हसा, आणि निर्धास्तपणे फवारा."

सांगा आता! आयुष्यात एवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातली जी खरी होती तीच नेमकी बारकोडात अडकली.

मी संपादकबाईंना इमेल पाठवली. उलट टपाली उत्तर आलं, तेही यंत्राचं: आपला निरोप मिळाला, दोन दिवसांत कळवू.

"माझ्या नावानं खातं उघडा की," बायको म्हणाली. आता तिलाही राहवेना.

उघडलं. नव्या सदस्याचा पहिला प्रतिसाद संपादकांनी तपासल्यावरच दिसतो, असं हिरव्या अक्षरांत आलं. आणि रविवारी बाई मंचाकडे फिरकत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पिंपळगावला जाऊन येऊ का?" मी म्हटलं.

"कोणाकडे?"

"शोधू. द्राक्षाची बाग आहे, भुरी पडलीय, घरचे लग्नाला गेलेत."

"तिकडे द्राक्षाची बाग नसलेलं घर शोधणं सोपं पडेल," बायको म्हणाली, आणि ते खरं होतं. हायवेच्या दोन्ही बाजूंना शीतगृहं, पॅकहाउस आणि टेम्पो, आणि त्यांच्या मागे नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षवेलींचे मांडव. फुलाचं नाव घेऊन दारोदार फिरलो असतो तर लोकांनी मला गुलछडीवाला समजून झेंडूचा भाव विचारला असता.

मी पुन्हा मंच उघडला. लिहायला चौकट नाही. निरोपाला चौकट नाही. सगळी कुलपं हलवून बघितली. आणि 'माझे खाते' या पानावर एक चौकट उघडी सापडली. सदस्यनाव बदला.

मित्रहो, तुरुंगातल्या माणसाला खिडकीत करवत सापडावी तसं मला झालं. माझं तोंड बंद होतं, पण नाव मोकळं होतं. आणि नाव कुठे कुठे होतं? प्रत्येक धाग्यावर, प्रत्येक प्रतिसादावर, बाळंतिणीच्या आहारापासून वेरूळच्या सहलीपर्यंत! शिवाय प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला, पहिल्या नंबरावर. एवढी जाहिरात निवडणुकीत उमेदवाराला मिळत नाही.

मी टंकलं: गंधक आणि तेल एकत्र मारू नका. बटण दाबलं. नाव बदललं. बायकोला म्हटलं, वाढ आता, भूक लागली.

दोन घास खाल्ले आणि सवयीनं मोबाइल बघितला. पुण्याच्या गृहस्थांनी लिहिलं होतं, "बघा, आता ते बंबवालेही आपल्या बाजूचे झाले."

मला कळेना. उजवीकडची चौकट बघितली आणि हातातला घास ताटात परत ठेवला. सदस्यनावाला अक्षरांची मर्यादा असते, आणि न मावणारा शब्द सबंधच गळतो. मंचानं माझं नाव मुकाट्यानं शेपटाशी कापलं होतं. सबंध मंचावर, हजारो ठिकाणी, माझ्या नावाच्या जागी ठळक अक्षरांत झळकत होतं:

गंधक आणि तेल एकत्र मारू

चला, मारू! मीच सगळ्यांना हाक घालत होतो. ही आपली भाषा बघा. बाकीचं जग नाही म्हणायचं असेल तर आधी नाही म्हणून मोकळं होतं. आपण सगळं साग्रसंगीत सांगतो, गंधक सांगतो, तेल सांगतो, एकत्र सांगतो, मारू म्हणतो, आणि अगदी दाराबाहेर पडताना आठवल्यासारखं नका म्हणतो. तो नका तेवढा दारात चिमटला.

आणि खाली तिचा प्रतिसाद आला होता. "सगळ्यांचंच मत पडतंय तर मारते. टाकी भरायला घेतलीय. सर्वांचे आभार."

घाईघाईत गंधकाचं मी दोनदा गंधर्व केलं. तेवढ्या गडबडीतही डोकं चाललं, की कापणारा शेवटाकडून कापतो, तर मोलाचं आधी घालावं. लिहिलं: नका मारू गंधक आणि तेल एकत्र. मंचानं पुन्हा कापलं. पण या वेळी उरलं ते असं:

नका मारू गंधक आणि तेल

शाळेतल्या व्याकरणाच्या बाईंनी कपाळाला हात लावला असता. मला ते वाक्य देवळाच्या कळसासारखं दिसलं.

पण तिनं बघितलं का? तिचा काही पत्ता नाही. चार वाजले, साडेचार झाले. वांग्याची भाजी ताटात तशीच. मी धागा ताजा करतोय, परत ताजा करतोय. व्युत्पत्तीवाले आता संस्कृतापर्यंत पोचले होते.

"आता जेवा," बायको म्हणाली. "सगळ्या मंचावर पाटी लावून झालीय तुमची."

"तिनं वाचली नसेल तर?"

"तर तुमच्या हातात काही नाही." मग म्हणाली, "वाचली असेल. तुमचं नाव टाळायचं म्हटलं तरी टाळता येतं का त्या मंचावर?" बायकोनं माझ्याबद्दल काढलेला एवढा चांगला उद्गार मी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

साडेपाचला धागा हलला.

"उशीर झाला, माफ करा," तिनं लिहिलं होतं. "टाकीत गंधक घातलं होतं, तेलाचा डबा हातात होता. एकदा खात्री करावी म्हणून बांधावर बसून पुन्हा मंच उघडला. आधी त्या काकांच्या नावात 'मारू' होतं, आता बघते तर 'नका'. मी विचार केला, यांना लिहायला बंदी आहे, तरी हे नाव बदलून बदलून काहीतरी सांगताहेत. नुसती थाप मारायला माणूस एवढी धडपड करेल का? म्हणून तेल टाकीत घातलंच नाही. ओळींवर नुसतं गंधक मारलं. फक्त कडेच्या एका झाडावर दोन्ही मारून बघितलंय. उद्या दिसेल काय ते."

मी उठलो, ताट ओढलं आणि गार झालेली वांग्याची भाजी इतकी चवीनं खाल्ली की बायकोला तिच्याच भाजीबद्दल संशय आला. तिच्या मागोमाग दोन भाकऱ्या गेल्या. खिडकीतून वारं आलं तेही मला पिंपळगावाहून आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोटो टाकला. दहा ओळी हिरव्यागार आणि टोकाला एक झाड. त्याची पानं कडेनं चहात बुडवून काढलेल्या पावासारखी तपकिरी, मण्यांवर बारीक डाग. धूर मात्र नव्हता. थोडा असता तर बरं झालं असतं. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, गुलाबाची गोष्ट वेगळी असते. परदेशातल्या शहाण्यांनी आपला दुवा गुपचूप काढून टाकला.

त्याच संध्याकाळी संपादकबाईंचा निरोप आला. मंच पुन्हा खुला केला होता. बाईंनी लिहिलं होतं, "आपली धडपड पाहिली. आपले म्हणणे योग्य होते, याबद्दल आभार. सदस्यनाव कृपया पूर्ववत करावे. तसेच जाणून घेण्याची इच्छा आहे, की बंब खरोखर आला होता काय?"

मी अत्यंत नियमाला धरून उत्तर दिलं. "बंब आला नव्हता. यायला हवा होता."

बाईंच्या उत्तरात एक उद्गारचिन्ह आलं. नुसतं, वाक्याशिवाय. आणि नियमावलीत एक ओळ वाढली: सदस्यनावात क्रियापद वापरू नये. माझ्यामुळे झालेल्या नियमांपैकी या एकाचाच मला अभिमान आहे.

फेब्रुवारीत तिचा निरोप आला, काढणी सुरू आहे, काकूंना घेऊन या. गेलो. या वेळी पत्ता होता, तरी दोनदा चुकलो, कारण सगळी शीतगृहं सारखीच दिसतात. ती पोरगी, म्हणजे सूनबाई, ओळीत उभी राहून कात्रीनं घड उतरवत होती आणि क्रेट भरणाऱ्या बायकांना बजावत होती, "मण्याला हात लावू नका, देठाला धरा." तिचे सासरे मांडवाच्या तोंडाशी खाट टाकून बसले होते. पांढरी टोपी, रुंद छाती, आणि आवाज असा की हायवेवरचे टेम्पो ब्रेक मारतील.

"कोन वो हे?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाबा, ते मंचावरचे काका. नाव बदलत होते ते."

म्हातारा एकदम उठला. "आरं तिच्या! ते नका व्हय! या, या, नका, बसा!"

मी बसायच्या बेतात होतो तो थबकलो.

"बसा ना," ते म्हणाले. "लय उपकार तुमचे. लग्नावरून आलो, पहिलं ते करपलेलं झाड दिसलं. म्हनलं, झालं, बाईनं बाग जाळली. तर ही म्हनती, बाबा, एकच हाय, मुद्दाम केलं, बाकीचं बघा. आता मी पन्नास वर्सं बागंत हाय, पन एका झाडावर करून बघावं एवढं डोकं मला नाय झालं कधी." आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पुढल्या हंगामाला तिला वीस ओळी दिल्यात. तिला अजून सांगितलं नाय."

सूनबाई चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलं असणार, कारण कात्री थोडा वेळ थांबली आणि मग दुप्पट वेगानं चालू झाली.

तेवढ्यात आतून चहा आला. म्हातारबांनी किटली उचलली, कप माझ्यापुढे धरला आणि गरजले, "च्या घ्या, नका!"

मी हात पुढे केला, मागे घेतला.

"त्यांचं काही ऐकू नका," माझी बायको म्हातारबांना म्हणाली. "ओता सरळ."